चिकटपट्टीची घडी

बुधवारी सकाळी परदेशी गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार म्हणून तुयेननं आपलं यंत्र जरा जास्तच मन लावून पुसलं, आणि तिथेच सगळं बिनसलं.

विन्ह-फुकच्या त्या कारखान्यात मोबाइलचे कॅमेरे जुळायचे. तुयेनचं यंत्र मसुराएवढं भिंग चिमटीत धरायचं, खालच्या सेन्सरवर अधांतरी ठेवायचं आणि त्यातून समोरच्या काळ्यापांढऱ्या चौकड्यांच्या पाटीकडे बघायचं. चारही कोपरे स्वच्छ दिसेपर्यंत भिंग केसभर इकडे, केसभर तिकडे कलवायचं. मग जांभळा उजेड पडायचा, मधला गोंद वाळायचा आणि त्यानंतर ते भिंग ब्रह्मदेवालाही हलवता आलं नसतं. अकरा वर्षं तुयेन हे यंत्र सांभाळत होता.

पाटी पुसताना तिच्या खालच्या कडेत चिकटपट्टीची एक घडी अडकलेली दिसली. "कुणाचा हा घाणेरडेपणा," असं पुटपुटत त्यानं ती काढून कचऱ्यात टाकली. पाटी मुळातच जराशी झुकलेली होती आणि यंत्र बसवणाऱ्या कुणीतरी ती त्या घडीवर सरळ टेकवली होती, हे सांगायला तो माणूस आता नोकरीत नव्हता. आता झुकलेल्या पाटीशी जुळवलेलं प्रत्येक भिंगही झुकूनच चिकटत होतं.

गिऱ्हाईक आलं, माना डोलावून गेलं. दुपारपर्यंत तपासणीच्या यंत्रावर चारशे नग नापास झाले.

तपासणीला दिएप होती; तिच्या यंत्रासमोरही तशीच चौकड्यांची पाटी होती. पांढऱ्या पोशाखात आणि तोंडावरच्या पट्टीत तिचे फक्त डोळे दिसायचे, पण ती भांडायला उठली आहे हे त्या डोळ्यांवरूनही कळायचं. अकरा वर्षांत तिनं तुयेनचं एक वाक्य धड पुरं होऊ दिलं नव्हतं. आता तिची लेक न्हुंग तुयेनच्या मुलाला, खोआला, द्यायची ठरली होती आणि रविवारी साखरपुड्याची सुपारीची तबकं तिच्या घरी जायची होती.

"दादा, डावा कोपरा धूसर येतोय. एक नाही, सगळ्यांचा."

"माझ्याकडे चारही कोपरे स्वच्छ आहेत."

"तुमच्याकडे असतीलच. तुमचं यंत्र तुमच्यासारखंच, स्वतःला कधी नापास करत नाही."

आजूबाजूच्या पोरी हसल्या. तुयेनला ते लागलं.

"पन्नाशी आली तुझी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "यंत्राआधी स्वतःचे डोळे तपासून घे. आणि पोरगी जर आईवर गेली असेल, तर मला रविवारचा विचार करावा लागेल."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, शेवटचं वाक्य नको होतं. पण तोंडातून गेलेला शब्द आणि वाळलेला गोंद, दोन्ही सारखेच.

जेवणाच्या सुट्टीत हे वाक्य खोआपर्यंत पोचलं आणि तिथून न्हुंगपर्यंत. ती आईला फोन करून रडली. "आई, तू त्यांच्याशी का भांडतेस गं? एक दिवस गप्प बसली असतीस तर?"

दिएप जागेवर परत आली. तुयेनदादाचं यंत्र अकरा वर्षांत चुकलं नव्हतं. आपलंच बिघडलं असेल, असं तिनं मनाला समजावलं. मग चिकटपट्टी घेतली, तिची घडी केली आणि आपल्या पाटीखाली सारली. दोनदा जमलं नाही. तिसऱ्यांदा दिवे हिरवे झाले. संध्याकाळपर्यंत नऊशे नग पास होऊन खोक्यांत गेले.

गुरुवारी सकाळी तुयेन सगळ्यांच्या आधी आला. रात्री त्याला झोप लागली नव्हती. पाटीच्या खालून त्यानं बोट फिरवलं, फट लागली, आणि आपण काल काय फेकलं ते त्याला लख्ख कळलं. दिएपला जाऊन सांगायला हवं होतं. पण चारचौघांत तिच्या डोळ्यांना नावं ठेवल्यावर कुठल्या तोंडानं सांगणार? रविवार पार पडू दे, मग सांगू, असं ठरवून त्यानं नवी घडी करून पाटी सरळ केली आणि हलक्या मनानं काम सुरू केलं.

दहा वाजेपर्यंत त्याचे निर्दोष नग एकजात नापास झाले होते.

"काल डावा कोपरा म्हणालीस," तो तिच्यासमोर उभा राहिला, "आज उजवा म्हणतेस. उद्या मधला कोपरा काढशील."

"मी काल तोंड मिटलं, तर तुम्ही आज मुद्दाम वाकडं काढताय," दिएप म्हणाली. "मला घालवायचं असेल तर सरळ सांगा ना."

आवाज ऐकून कोरियन साहेब, प्यो, दुभाष्याला घेऊन आले. त्यांनी कुलपातला मानक नग, बिनचूक ठरवून ठेवलेला नमुना, आणला. तुयेनच्या यंत्रावर तो चोख निघाला, दिएपच्या यंत्रावर नापास. प्योंनी तिच्या पाटीखाली बोट घातलं आणि घडी बाहेर काढली.

"कुणी ठेवली?" दुभाष्यानं विचारलं.

दिएपच्या तोंडावरची पट्टी डोळ्यांखाली ओली झाली होती. तुयेनला त्या घडीकडे बघून सगळा हिशेब उलगडला: तिनं त्याची चूक पोटात घातली होती, त्यानं ती लपवली होती, आणि दोन्ही मिळून नऊशे वाकडे नग गोदामात जाऊन बसले होते.

"मी," तो म्हणाला. "तिथली माझी. माझ्या पाटीखाली आहे तीही माझीच."

"का?"

"सवयीनं," तो म्हणाला. दुभाष्यानं ते दोनदा विचारून घेतलं.

खोकी उघडली, नऊशे नग भंगारात गेले. तुयेनची बदली खोकी बांधायच्या विभागात झाली. तो निघताना दिएप दारापर्यंत मागे आली. "दादा..."

"रविवारी बोलू," तो म्हणाला.

रविवारी तबकं गेली, सुपाऱ्या वाटल्या, दोन्ही घरांनी जुळवाजुळव छान केली. दिएपनं तुयेनला मानाच्या जागी बसवलं. चहा स्वतः ओतला, कोंबडीचा चांगला तुकडा त्याच्याच वाडग्यात घातला. नजर मात्र वर उचलली नाही. तो काहीही म्हणाला की ती "हो" म्हणायची, आणि त्याची वाक्यं शेवटपर्यंत पुरी व्हायची. पुरी झाल्यावर ती त्याला फारशी शहाणपणाची वाटेनात.

खापरात शिजवलेला मासा आला. असा मासा गावात दुसरं कुणी करत नाही, याचा दिएपला अभिमान होता. तुयेननं एक घास घेतला. मासा अप्रतिम होता.

"विहीणबाई," तो मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "मीठ जरा कमी पडलंय."

ती उसळेल म्हणून तो वाट बघत राहिला. वाढणारे थांबले. न्हुंगनं आईकडे बघितलं.

"हो दादा, कमीच पडलं," दिएप हळूच म्हणाली, आणि माशाच्या खारट रसाची बाटली आणून तिनं त्याच्या वाडग्यात सढळ हातानं ओतली. "आता बरोबर आहे?"

तुयेननं एक घास घेतला, मग दुसरा. "आता बरोबर आहे," तो म्हणाला, आणि वाडगा संपेपर्यंत खाली मान घालून खात राहिला.