पांढरी चार अडकते

यंत्र कुठलंही असो, एकदा माझ्या हाताखालून गेलं की ते पूर्वीसारखं राहत नाही! हे मी अभिमानानं सांगतो. आमच्या घरात हेच वाक्य जरा वेगळ्या सुरात म्हटलं जातं, तो भाग सोडा.

बायको गाण्याच्या क्लासला जायला लागली, तेव्हा मी तिला एक सिंथेसायझर आणून दिला. वापरलेला, पण ठणठणीत. ती त्यावर हार्मोनियमचा आवाज लावते आणि सूर धरून रियाज करते. क्लासच्या कार्यक्रमात समूहगीतातलं एक कडवं तिला एकटीला मिळालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा! तेव्हापासून ती कपडे वाळत घालतानासुद्धा तेच कडवं म्हणत होती.

त्या सकाळी ती आतल्या खोलीत मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. मी चोरून ऐकत नव्हतो, दाराला कान लागला होता इतकंच.

"बाकी सगळं छान जमतंय गं, पण पांढरी चार आली की अडकते," ती म्हणाली. "जोर लावला की आणखीनच अडकते. वय झालं शेवटी. उद्या बाई ऐकणार आहेत. अडकणं थांबलं नाही, तर कडवं गेलंच."

तिचा आवाज इतका पडला की मला भरूनच आलं.

गाणाऱ्यांची ही भाषा मला चांगली ठाऊक आहे. पेटीच्या पट्ट्या ते नंबरानं ओळखतात. काळी एक, पांढरी चार वगैरे. म्हणजे पांढऱ्यांतली चौथी पट्टी अडकत होती! बायको बाजारात गेली आणि मी स्क्रू ड्रायव्हर काढला.

आधी पट्टी दाबून पाहिली. छान खाली गेली, छान वर आली. डॉक्टरसमोर गेलं की खोकला थांबतो, त्यातलाच हा प्रकार! मी असल्या लपवाछपवीला भुलत नाही. प्लग काढून सिंथेसायझर टेबलावर पालथा घातला.

सासूबाई पेपर वाचत होत्या. चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "जावईबापू, चालू होतं ना ते?"

वरवर चालू होतं, आतून नव्हतं, असं मी त्यांना समजावलं. त्यांनी आपला चहाचा कप उचलला आणि दूरच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

पट्टीखाली एक इवलीशी स्प्रिंग होती. तिला बोट लावलं मात्र, ती टणकन उडाली आणि कपाटाखाली गडप झाली! सासूबाईंनी बॅटरी धरली, मी जमिनीवर आडवा झालो. एक मोजा मिळाला, कानातल्याचा एक जोड मिळाला, स्प्रिंग सोडून सगळं मिळालं. पण हार मानीन तर मी कसला! बॉलपेनातली स्प्रिंग कापून बसवली आणि झाकण लावलं. काही स्क्रू उरले. कंपनीवाले जास्तीचे देतातच.

प्लग लावून पांढरी चार दाबली. पोंऽऽऽ! बोट उचललं, पण पट्टी वर आलीच नाही.

"आता अडकली," सासूबाई म्हणाल्या.

नेमकी तेव्हाच बायको दारात. मी घाईघाईनं सगळा खुलासा केला. तिनं पिशवी खाली ठेवली.

"अहो, पट्टी नाही, मी अडकते. माझा गळा अडकतो त्या सुराला."

मराठीत 'मी' गाळून बोलायची सोय ज्यानं केली, त्याला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या. पट्टीही अडकते, बायकोही अडकते. दाराबाहेरच्या माणसानं ओळखायचं कसं? पण तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि फार वाईट वाटलं. उद्या बाई ऐकणार, आणि रियाजाला घरात उरला हा भोंगा!

ती रागारागानं बसली आणि त्या भोंग्याच्या वर आवाज चढवून कडवं म्हणायला लागली. पांढरी चार जवळ आली. मी डोळे मिटले. गळा सरळ त्या सुरावर जाऊन बसला! सूर सारखा कानात वाजत होता, चुकणार कसा? तिनं पुन्हा म्हटलं, मग पुन्हा. सासूबाईंनी पेपर खाली ठेवला.

कडवं तिचंच राहिलं. कार्यक्रमात तिनं ते असं म्हटलं की माझी छाती फुगली. घरी आल्यावर मी मोठ्या मनानं जाहीर केलं की ती पट्टी आता खरोखरच दुरुस्त करून टाकतो.

ती सिंथेसायझरच्या आड येऊन उभी राहिली. "तिला हात लावायचा नाही." मग म्हणाली, "पुढच्या गाण्यात पांढरी पाच आहे. तेवढी बिघडवून द्याल का?"

लग्न झाल्यापासून माझ्या हातांवर तिनं इतका विश्वास पहिल्यांदाच टाकला.