पोहा बोलला पाहिजे

पेणच्या धर्माशेठ मोकलांच्या पोह्यांच्या भट्टीवर गेलं की नमस्काराच्या आधी ते तुमच्या तळहातावर पोहे ठेवायचे. "मूठ वळा. आता कानाशी न्या. बोलतंय का?" आतून चुरचुर ऐकू आल्याचं तुम्ही कबूल करेपर्यंत पुढचं काही बोलणं नाही. बँकेचा मॅनेजर असो की मीटर बघायला आलेला वायरमन, सुटका कुणाची नव्हती. माझ्याआधीच्या निरीक्षकांना जरा कमी ऐकू यायचं. त्यांना म्हणे तीन मुठी वळाव्या लागल्या, आणि चौथ्या वेळी ते आपणहून "हो हो, चांगलं बोलतात" म्हणाले.

मी तेव्हा उद्योग खात्यात निरीक्षक होते. घर रोह्याला आणि टेबल पेणला. नव्वदीचं दशक नुकतंच लागलं होतं आणि वरून हुकूम सुटला होता की लहान उद्योजकांनी आता परदेशात माल पाठवायचा. सरकार शिकवणार, कागदपत्रं करून देणार, पॅकिंगला मदत करणार. प्रत्येक तालुक्यातून निदान एक तरी निर्यातदार हवाच. "सापडला का निर्यातदार?" असं आमचे साहेब रोज सकाळी विचारायचे. मी त्याला घरी लपवून ठेवलाय, असा त्यांचा सूर असायचा.

रोह्याला आम्ही दोन दिवसांचं शिबिर भरवलं. रसायनांच्या कारखान्यांचे मालक पुढच्या खुर्च्यांवर बसले, चहा-बिस्किटं झाली आणि जेवणानंतर एकेक करून पसार झाले. शेवटच्या रांगेत धर्माशेठ तेवढे उरले, मांडीवर पिशवी घेऊन. व्याख्याते म्हणाले, "मालाचा दर्जा परदेशी ग्राहकाला कसा पटवून द्याल?" धर्माशेठ उठले, तडक माइकपाशी गेले आणि त्यांनी व्याख्यात्यांच्या हातावर पोहे ठेवले. ती चुरचुर माइकमधून सगळ्या सभागृहाने ऐकली. मला निर्यातदार सापडला होता.

मग फॉर्म भरणं सुरू झालं. 'दर्जाची कसोटी' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'बोलतो.' मी ते खोडून 'कुरकुरीत' केलं, तर गृहस्थ रुसले. "कुरकुरीत तं बिस्कीट बी असतं, मॅडम." 'कोणत्या देशात पाठवणार' याच्यापुढे लिहिलं, 'इस्रायल'. साहेबांनी कपाळाला हात लावला. दुबईचे व्यापारी पेणचे पोहे घ्यायला तयार होते, आणि हा बाबा भलताच देश धरून बसलेला. त्या देशाशी आपला रीतसर व्यवहार आत्ता कुठे सुरू झाला होता.

"दुबईला दुसरा कोनी धाडील," धर्माशेठ म्हणाले.

"पण इस्रायलच का?"

"मानूस हाय तिथं."

आणि त्यांनी पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं. त्या माणसाच्या नातवाचं तिथं किराणा दुकान होतं आणि तो माल घ्यायला तयार होता, एवढं मात्र त्याच्या पत्रावरून कळलं. कागद पुरे झाले. साहेबही नरमले, कारण तालुक्याच्या नावापुढे आकडा तर लागणार होता.

धर्माशेठना एकच घोर लागला होता. बोटीतल्या दमट हवेत पोहे मऊ पडले तर? ते 'मऊ' म्हणत नसत, 'मुका' म्हणत. "मुका पोहा मी धाडनार नाय, मॅडम. त्यापरीस भट्टी बंद करीन." सरकारी मदतीतून प्लॅस्टिकचं दुहेरी अस्तर असलेली चाळीस पोती शिवून घेतली. प्रत्येक पोतं बांधण्याआधी त्यांनी कान लावून ऐकलं. मी साक्षीदार म्हणून सही ठोकली की पोत्यांत पोह्यांखेरीज काहीही नाही.

माल रवाना झाला आणि चौथ्या दिवशी बंदरावरून फोन आला. माल अडवला होता. पोत्यांत झाडपाला निघाला होता.

मी धावत भट्टीवर गेले. धर्माशेठना त्यात काही वावगं वाटेना. "कडुलिंबाचा पाला हाय तो. पोरकिडा लागू नये म्हणून. घालायलाच लागतो." आमच्याकडे पोत्यात धान्य भरलं की वर लिंबाचा पाला, हे कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळे तो पाला म्हणजे 'पोह्यांखेरीज काही' असतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या देशात झाडाचं पान विनापरवाना जात नाही, हे शिबिरात सांगितलं होतं. पण तेव्हा धर्माशेठ बहुतेक माइकपाशी होते.

आम्ही टेंपो करून बंदर गाठलं. ऑगस्टची ओली हवा आणि चाळीस पोत्यांची तोंडं उघडी. धर्माशेठनी एका पोत्यात हात घातला, मूठ वळली, कानाशी नेली आणि पोहे परत पोत्यात सोडले. "मुकं झालं," म्हणाले.

तपासणी अधिकारी मोठा कडक माणूस. मी माझ्या सहीची लाज गिळून रदबदली केली. धर्माशेठनी खिशातली पुडी काढली, त्यात पेणहून आणलेले कोरडे पोहे होते. ते त्या अधिकाऱ्यांच्या हातावर ठेवले. "सायेब, हे ऐका. मंग आमचं काय ते ठरवा." अधिकाऱ्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि कोणी बघत नाही अशा समजुतीने मूठ कानाला लावली. दहा कारकून बघत होते. "चार दिवसांत साफ करून आणा. पाचव्या दिवशी बोट सुटते," ते म्हणाले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

परतताना टेंपोत आम्ही दाटीवाटीने बसलो होतो. अर्ध्या वाटेवर धर्माशेठ आपणहूनच बोलू लागले.

"आई गेली तवा मी सहा वर्सांचा. शेजारी रिबकामावशीचा तेलघाना. शनवारी घाना बंद ठेवनारी मानसं, यहुदी. तिनं मला वाढवला. त्यांच्याकडं नवसाला मलिदा करतात. पोहे, खोबरं, साखर. पयली मूठ माझी असायची. ती म्हनायची, पोहा आधी कानानं खावा. मंग ती मंडळी तिकडं इस्रायलला गेली. मी नवी भट्टी घातली व्हती, पयलं गाठोडं तिच्या हातात दिलं. तिचं पत्र आलं, धरम्या, बोटीत पोहे मुके झाले रे." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "तीस वर्सं झाली. बायको गेली, पोर नाय. सगळी धर्माशेठ म्हनतात. धरम्या म्हननारी तेवढी एक हाय. ऐंशीच्या वर वय तिचं. कवा जाईल सांगता येतं का?"

निर्यात वाढीच्या आकड्यात मी ज्याला धरलं होतं, तो माणूस फक्त एका म्हातारीला एक मूठ पोहे पाठवत होता.

तीन दिवस भट्टी थंडावली नाही. पाला वेचला, पोहे चाळले, हलके भाजले, गरम असतानाच अस्तरात कोंबले. पोत्याच्या तोंडाशी मीच पहारा केला. एक पान आत जाऊ दिलं नाही. बोट गेली आणि आम्ही दोघं वाट बघू लागलो. ते रोज येऊन विचारायचे, "काय कळलं?" आणि मी रोज नाही म्हणायचे.

दिवाळीच्या आसपास ते एक पाकीट घेऊन ऑफिसात आले. आत कॅसेट होती. शिबिरासाठी घेतलेला टेपरेकॉर्डर मी कपाटातून काढला. खरखर फार येत होती, म्हणून शिपायाने पंखा बंद केला. साहेबही दारात येऊन उभे राहिले.

आधी एक खोकला. मग थकलेला, पण खणखणीत बायकी आवाज. "धरम्या. अरे धरम्या, ऐक."

आणि मग चुरचुर चुरचुर. मूठ वळल्याचा तो आवाज पेणच्या सरकारी ऑफिसात लख्ख ऐकू आला.

"बोलले!" साहेब ओरडले. मी खुर्चीत मागे रेलले आणि कित्येक आठवड्यांनी नीट श्वास घेतला. शिपाई टाळ्या वाजवत होता. धर्माशेठ मात्र टेपरेकॉर्डरकडे बघत तसेच बसले होते, डोळे पुसायचंही भान नव्हतं.

"पुन्हा लावू का, शेठ?" मी विचारलं.

"लावा. पोह्यांचं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "त्याच्या आदीचं लावा."