आधी पँट पोचली

शाहूवाडीच्या डोंगरातली ती गुहा जगासमोर आणायची, असं अमरसिंहांनी ठरवलं तेव्हा जगाचं काही अडलेलं नव्हतं. कोल्हापुरात त्यांचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं आणि ते रविवारी बंद असायचं, एवढंच. सोबतीला शेजारचा सिद्धाप्पा आणि त्याचा मेव्हणा गुंडू. गुहेचं उभं, विहिरीसारखं तोंड दगडमातीनं गच्च बुजलं होतं. सबंध उन्हाळा दर रविवारी तिघं ते उकरत होते. एकानं खाली पहार चालवायची, दोघांनी वरून मातीची बुट्टी ओढायची. अमरसिंहांची बायको अनुजा म्हणायची, परड्यात झाडांना चार आळी करा म्हटलं की यांची कंबर धरते. हे शास्त्रीय काम आहे, असं अमरसिंह तिला समजावून सांगत.

त्या रविवारी तळाचा मोठा दगड हलला. अमरसिंहांनी पहारीवर सगळा भार टाकला. भाराची त्यांच्याकडे कमी नव्हती. दगड निसटून खोल कुठेतरी धडधडत गेला आणि पायांना गार वारा लागला. खाली गुहा होती! आनंदाच्या भरात त्यांनी कुणाला न विचारता भोकात पाय सोडले. पेपरात फोटो कुठल्या बाजूनं द्यायचा, तेही त्यांचं ठरलेलं होतं. पाय गेले, मांड्या गेल्या. पोट राहिलं.

ते आनंदानं ओरडताहेत असं वाटून वरच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग ओरडण्यातले शब्द कळले तेव्हा दोर ओढायला घेतला. दोर काखेत बांधलेला असल्यामुळे अमरसिंह वर आले. पँट मात्र कपारीत अडकली, क्षणभर लोंबकळली आणि खाली गेली. खिशात गाडीची चावी होती. दुसरी चावीही होती. हरवू नये म्हणून त्यांनी दोन्ही एकाच कडीत घातल्या होत्या.

आता उतरणार कोण? सिद्धाप्पा शाकाहारी असला तरी तुपावर पोसलेला. गुंडूनं भोकाकडे पाहिलं, स्वतःकडे पाहिलं आणि तो पाणी प्यायला निघून गेला. शेवटी सिद्धाप्पानं अनुजाला फोन लावला.

"वैनी, अमरदासाठी एक पँट घिऊन या की."

"का?"

"हाय ती गुहेत गेलीया."

"आणि हे?"

"त्येंला बी जायचं हुतं. पर मावलं न्हाईत."

दुपारच्या एसटीनं अनुजा आली. फाट्यावरून जवळच्या वाडीतल्या केरबानं तिला मोटारसायकलवर आणलं आणि गंमत बघायला तोही थांबला. अमरसिंह कमरेला खताचं पोतं गुंडाळून दगडावर बसले होते. आता बोलणी खावी लागणार म्हणून त्यांनी मान आधीच खाली घातली. तिनं पँट दिली, भोकाशी वाकून तो गार वारा तोंडावर घेतला आणि त्यांच्याकडे हेल्मेट आणि बॅटरी मागितली.

त्यांनी तिला सांगायला सुरुवात केली की याला प्रशिक्षण लागतं, सराव लागतो. आपल्याकडे यातलं काहीच नव्हतं, हे त्यांना वाक्याच्या मध्यावर आठवलं.

"दोर तेवढा नीट बांधा," ती म्हणाली.

अनुजा भोकातून अलगद गेली. दोर सरसर सुटत राहिला, मग थांबला. अमरसिंहांनी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. चावी, गुहा, पेपर, सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं. घरी बसून वाट बघणं हे आजवर तिचं काम होतं. ते असं असतं याची त्यांना कल्पना नव्हती.

बऱ्याच वेळानं दोराला हिसका बसला. ती वर आली ती मातीनं माखून, खांद्यावर पँट टाकून. आत बॅटरीचा उजेड छताला पोचत नाही, एवढं मोठं दालन आहे म्हणाली. हाकेचं काय, तर ऐकू येत होती, पण बघण्यातून सवड झाली नाही. केरबानं तिला हात जोडले. एवढी खुललेली ती अमरसिंहांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

परतताना गाडी आंबा घाटाच्या रस्त्याला लागल्यावर अनुजा म्हणाली, "पुढच्या रविवारी लवकर निघू. आत डाव्या बाजूला एक बोळ हाय, तो बघायचाय मला."

"आणि मी?"

"तुम्ही वर थांबा की. दोर धरायला जड माणूस लागतंय."

मागच्या सीटवर सिद्धाप्पा आणि गुंडू आपापल्या खिडकीतून ऊस बघू लागले.