धरणाची बादली

थोरल्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. लग्नघरात भांडी कमी पडतातच. म्हणून धरणाच्या पहारेकऱ्याने, ज्याला सगळे बादलीमामा म्हणत, धरणावरची सरकारी बादली दोन दिवसांपुरती घरी आणली आणि पाहुण्यांच्या पाण्यासाठी मांडवात ठेवली. निरोपाच्या रडारडीत ती आंदणाच्या भांड्यांबरोबर व्याह्यांच्या गाडीत चढली.

"मागून आणतो," मामा म्हणाले.

"एका बादलीसाठी व्याह्यांच्या दारात उभे राहणार?" मामी म्हणाल्या. "पोरीला जन्मभर ऐकावं लागेल."

पण ती बादली साधी नव्हती. धरण लहान, मातीचं आणि मामांच्या आजोबांच्या वयाचं. पायथ्याशी एका जागी पाणी झिरपायचं. नियम असा होता, की त्या झिरप्याखाली बादली ठेवायची. भरायला तासाच्या वर वेळ लागला तर धरण सुरक्षित. तासाच्या आत भरली तर धोका. मग वर कळवायचं, खालचं गाव हलवायचं आणि धरणाच्या साहेबांनी आपलाही बाडबिस्तरा बांधून ठेवायचा. नियमात तास लिहिला होता. बादली केवढी, ते लिहायचं राहून गेलं होतं.

मामांनी घरातली अंघोळीची मोठी बादली नेऊन ठेवली आणि देवाचं नाव घेतलं. तपासणीला साहेब आले, छत्रीखाली खुर्ची टाकून घड्याळ बघत बसले. दरवर्षी तास गाठता गाठता दोघांच्या तोंडचं पाणी पळायचं. यंदा तास उलटला तरी बादली अर्धीच.

"मामा, काय केलंत काय?"

"काही नाही साहेब, मुलीचं लग्न केलं."

"गळती निम्म्यावर आली की हो." साहेबांनी मामांच्या पाठीवर थाप मारली. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या पाठीवर कुणाची थाप पडली नव्हती. मामा खरं सांगणार होते, ते थापेसरशी आत गेलं.

मुख्य कार्यालयात साहेबांचा सत्कार झाला. 'खर्चाविना दुरुस्ती' या विषयावर त्यांची चार ठिकाणी व्याख्यानं झाली.

पुढल्या वर्षी ही बादलीही तासाच्या आत भरली. मामा घाबरले आणि लग्नापासूनची सगळी हकिकत सांगून मोकळे झाले. साहेबांनी बादलीभोवती एक फेरी मारली. मग त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे दोष धरणात नव्हताच, मामा. बादलीत होता."

तेव्हापासून धरणाची देखभाल शिस्तीत सुरू झाली. गळती वाढली की बादली वाढवायची. बादलीचं पिंप झालं, पिंपाची टाकी झाली, टाकीचा हौद झाला. हौदाच्या भिंतींना माती हवी होती. लांबून माती आणायला मंजुरी नव्हती, म्हणून ती हाताशी होती तिथून, म्हणजे धरणातूनच काढली. त्याने गळती वाढली; पण हौद आधीच तयार असल्यामुळे कार्यालयाच्या दूरदृष्टीचं कौतुक झालं. पुढे हौदच गळू लागला. त्याची गळती मोजायला खाली एक लहान बादली टांगली, तिला उपबादली असं नाव दिलं, आणि उपबादलीवर एक उपपहारेकरी नेमला. तो साहेबांचा मेहुणा होता.

हौदही तासाच्या आत भरायला लागला तेव्हा तज्ज्ञांची समिती आली. समितीने धरणावर उभं राहून खाली पाहिलं. दोन्ही बाजूंना डोंगर, समोर अरुंद खिंड, मध्ये सपाट दरी. समितीतले सर्वांत वयस्कर तज्ज्ञ भारावून म्हणाले, "निसर्गाने काय बादली दिलीय."

दरी ही बादली म्हणून जाहीर झाली. दरीतल्या गावाच्या वेशीवर फलक लागला: 'आपण बादलीत आहात. कृपया कचरा टाकू नये.'

मामांनी जेवताना ही बातमी सांगितली. मामींचा घास हातातच राहिला.

"अहो, आपली पोर त्याच गावात दिलीय. तान्हं बाळ आहे तिच्याजवळ. म्हणजे माझी लेक बादलीत राहते?"

"अगदी तळाला नाही. जरा कडेला."

"एका थापेसाठी तोंड शिवून बसलात तुम्ही. आता मी बघते."

मामी तडक धरणावर गेल्या. झिरप्याचं पाणी गढूळ झालं होतं आणि जनावर घुसमटावं तसा आवाज करत होतं. त्या तशाच उतरून गावात गेल्या, दारोदार फिरल्या. "धरण जातंय. टेकडीवर चला."

"दरी भरायला तास लागतो म्हणे," पारावरचे लोक म्हणाले. "चहा घेऊन निघू."

लेकीच्या सासूने तर दारातच हात कमरेवर ठेवले. "सुनेला माहेरी न्यायची एवढी घाई असेल तर सरळ सांगा, विहीणबाई. धरणाला कशाला मध्ये आणता?"

मामींनी लेकीकडे पाहिलं. ती बाळाला घेऊन उंबऱ्यात उभी होती. सासू हलल्याशिवाय तिला पाऊल टाकता येत नव्हतं. तेवढ्यात ओसरीवर मामींना ती बादली दिसली, लग्नात इकडे आलेली. सरकारी शिक्का तसाच होता. आत फुलझाड लावलं होतं. मामींनी झाड उपटून बाजूला ठेवलं, बादली डोक्यावर उंच धरली आणि भर रस्त्यात उभ्या राहिल्या.

"टेकडीवर सरकारी बादल्या वाटतायत. फुकट. घरटी नाही, माणशी एक. मला मिळाली, उरल्यात थोड्या."

गाव रिकामं व्हायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. वर्षानुवर्षं खाटेवर पडून असलेले एक आजोबा सगळ्यांच्या पुढे टेकडीवर पोचले. विहीणबाई लेकीच्या हातून बाळ ओढून घेत धावल्या. "माणशी एक म्हणतात, म्हणजे बाळाचीही आली."

रांग लागली, रांगेत घुसण्यावरून भांडणं लागली, आणि धरण गेलं. लोकांच्या डोळ्यांदेखत घरं, पार, फलक पाण्याखाली दिसेनासे झाले. मामांसोबत टेकडीवर आलेले साहेब सवयीने घड्याळ काढून उभे होते. पाणी दरीच्या काठाला लागलं तेव्हा त्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

"सव्वा तास. मामा, धरण शेवटपर्यंत सुरक्षित होतं."

मग रांगेतून एकाने घसा खाकरला. "झालं ते झालं. पण बादल्या कुठायत?"

लोकांची फसवणूक केल्याबद्दल मामींवर गावाने तक्रार केली. ती अजून चालू आहे. पहिली सही विहीणबाईंची, आणि खाली बाळाचा अंगठा.

वाचणाऱ्याने हसायला हरकत नाही. पण आपल्या गावाच्या वर एखादं जुनं धरण असेल, तर त्याच्याखाली काय ठेवलंय ते एकदा बघून यावं. एवढ्यासाठी कोण चढणार, असं वाटत असेल, तर तिथे काहीतरी फुकट वाटतायत असं समजावं.

मामा वारले ते नातू शाळेत जायला लागला त्या वर्षीच्या थंडीत, झोपेत. धरण त्याच्या आधीच गेलं होतं, एका मंगळवारी भर दुपारी. त्यात गावातलं कुणी गेलं नाही.