समुद्राला उंबरा नसतो

आमच्या समोरच्या गच्चीवर रोज सकाळी सहाच्या सुमाराला एक बासष्ट वर्षांचे गृहस्थ धोतर वर खोचून, ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबवर ठेवलेल्या फळीवर उभे राहायचे. हात दोन्हीकडं पसरलेले, कंबर खाली, नजर लांब पाण्याच्या टाकीवर. फळी डगमगायची, तेही डगमगायचे. खाली गल्लीत टँकरची वाट बघत हंडे मांडून बसलेल्या आम्ही बायका माना वर करून बघायचो. कुणीतरी विचारायचंच, "अप्पा, काय करायलात?"

"लाट आली. मधी बोलू नका."

आता लातुरात लाट कुठली? त्या वर्षी तर तोंड धुवायला पाणी नव्हतं. सलग दुसरा पाऊस दगा देऊन गेलेला. नळाला बारा-तेरा दिवसांनी पाणी यायचं, तेही कधी येईल त्याचा नेम नाही. आंघोळ परातीत बसून करायची, तेच पाणी फरशीला, फरशीचं संडासात. अशा दिवसांत हा माणूस समुद्रावर फळी चालवायला शिकायचं ठरवून बसला होता. त्याला सर्फिंग म्हणतात हे मला नंतर कळलं. अप्पा आपले 'फळीचा कोर्स' म्हणायचे.

विश्वनाथअप्पांचं गंजगोलाईच्या बाजारामागं दोर-सुतळी, बादल्या आणि ड्रमचं दुकान. लातूर वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी त्यांनी ते टाकलं, आणि तेव्हापासून त्यांचं कॅलेंडर तिथूनच सुरू होतं. "लग्न कधी झालं अप्पा?" तर "जिल्ह्याच्या आधल्या साली." "ही भिंत कधी बांधली?" तर "जिल्हा नऊ वर्षांचा होता." लेक गिरिजा जिल्ह्याहून चार वर्षांनी धाकटी. बोलण्यात 'बैजवार', म्हणजे नीट, सविस्तर, हा शब्द तर पावलोपावली. गिऱ्हाइकानं दोर मागितला की "कशाला पाहिजे ते बैजवार सांगा." म्हशीला, झोक्याला की पोहऱ्याला, हे कळल्याशिवाय दोर कापायचे नाहीत. पोहऱ्याचा दोर दुष्काळात कुणी नेत नव्हतं. ड्रम मात्र धडाधड खपत होते. लोक म्हणायचे अप्पांची चांदी झाली. अप्पा प्रत्येक ड्रम देताना असं तोंड करायचे की जणू आजारी माणसाला औषध देताहेत.

गिरिजाची आई ती पाच वर्षांची असताना गेली. पोरीच्या वेण्या अप्पाच घालायचे, सुतळी वळल्यासारख्या घट्ट. पोरगी शाळेत जायची ती भुवया ताणलेली. एवढ्या लाडाची लेक नोकरीच्या निमित्तानं कोकणात गेली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न ठरवून आली. मुलगा दुसऱ्या जातीचा, त्यात घरात रोज मासे. अप्पांच्या लिंगायत घरात कांदासुद्धा सोमवारी चिरत नाहीत. गल्ली गोळा झाली होती त्या दिवशी. अप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई." गिरिजाही त्यांचीच लेक. "नका लावू," म्हणाली आणि स्टँडवर गेली. त्याला सात वर्षं झाली. त्यानंतर एक फोन नाही, एक चिठ्ठी नाही.

मग त्या उन्हाळ्यात दुकानात रद्दी आली. सुतळीचा गुंडा बांधायला अप्पांनी एक कागद ओढला, तर त्यात समुद्राचा फोटो. फळीवर पडलेलं एक गिऱ्हाईक आणि त्याची फळी धरून कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली गिरिजा. नवराबायकोनं मिळून किनाऱ्यावर शाळा काढली होती. नवशिक्यांसाठी चार दिवस, पावसाळ्याआधी समुद्र खवळला की बंद. खाली फोन नंबर. अप्पांनी तो तुकडा कापून खिशात ठेवला, गिऱ्हाइकाला सुतळी तशीच दिली आणि दुपारी बारालाच दुकान बंद करून माझ्याकडं आले.

"वैनी, बैजवार विचार केला," म्हणाले. "मी म्हणलो उंबऱ्याला पाय लावणार न्हाई. शब्द हाय तो. पण समुद्राला उंबरा असतोय का?"

मी म्हटलं, "नसतो."

"मग झालं की. शिकायला जायचं. फी भरायची, चार दिवस वाळूत राहायचं. तिनं शिकवायचं, मी शिकायचं. शब्द बी राहतो."

तेव्हापासून तयारीच तयारी. खर्च कमीत कमी करायचा हा हट्ट. एसटीनं कोल्हापूर, पुढं दुसरी एसटी. ज्येष्ठांच्या अर्ध्या तिकिटाला तीन वर्षं कमी पडत होती, त्याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. समुद्राकाठी आपल्या लोकांचा एखादा मठ आहे का, याची तीन जंगमांकडं चौकशी झाली. धपाटे, शेंगांची चटणी यांचा अंदाज मला काढायला लावला. सगळ्यांत कळस म्हणजे वीस लिटरचे दोन कॅन पाणी लातुराहून न्यायचं ठरलं. मी म्हटलं, "अप्पा, जग तिकडून पाणी आणायचं बघतंय आणि तुम्ही इकडून नेताय?"

"तिथलं खारट असतंय, वैनी. अख्खा समुद्र असून प्यायला काय? त्याहून आपलं बरं."

असं सगळं जमलं. फक्त फोन राहिला. आज करू, उद्या करू. आज सोमवार, आज अमावास्या, आज तोल नीट नाही. गच्चीवरची फळी आता पाच मिनिटं टिकायला लागली होती, पण नंबराला बोट लागत नव्हतं. इकडं मे महिना पुढं चालला होता. शाळा बंद झाली असती तर पुन्हा पाऊसकाळ सरेपर्यंत थांबणं आलं. शेवटी एका सकाळी मीच म्हटलं, "अप्पा, फळीवर किती दिवस उभं राहणार? आणा तो कागद."

"माझा आवाज ऐकला की ठेवून देईल ती."

"मग मी करते."

"तुमचा बी वळखील. तुम्ही पुण्याच्या होऊन बोला."

आमचे हे नांदेडला पुतण्याच्या लग्नाला गेले होते. घरात मी एकटी, नळाला तेरावा दिवस, दोन्ही ड्रम तळाला गेलेले. मी नंबर फिरवला आणि आवाज मोठा करून फोन हातात धरला. अप्पा दाराची कडी धरून उभे.

"हॅलो," पलीकडून आलं. सात वर्षांनी तो आवाज घरात आला. अप्पांनी डोळे मिटून घेतले.

"नमस्कार. मी पुण्याहून बोलते आहे. आपल्याकडे ते फळीवर उभं राहायला शिकवतात ना?"

"सर्फिंग? शिकवतो की. कुणाला शिकायचंय?"

"आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. बासष्ट वर्षांचे."

"चालतंय. पोहता येतं का?"

मी अप्पांकडं बघितलं. त्यांनी हातानं खोल खोल काहीतरी दाखवलं.

"विहिरीत येतं," मी म्हणाले. "म्हणजे, पाणी होतं तेव्हा यायचं."

"पुण्यात विहिरीत पोहतात?"

"जुने आहेत ते," मी म्हटलं.

"बरं. राहायचं काय? आमच्या घरातच एक खोली आहे. स्वस्तात पडेल."

अप्पा मान हलवायला लागले, नाही, नाही. मी म्हटलं, "खोली नको. ते बाहेरच राहतील. वाळूवर वगैरे."

"वाळूवर? रात्री?"

"हो."

"एवढ्या वयाच्या माणसाला घरात यायला काय अडचण आहे, ते तरी सांगा."

ती हे विचारत होती आणि तिचा आवाज आता गिऱ्हाइकाशी बोलण्याचा राहिला नव्हता. मी अप्पांकडं बघितलं. आणि तेवढ्यात गल्लीतून आरडाओरडा उठला, "पाणी आलं, पाणी आलं." हंड्यांचा खणखणाट, दारं धडाधड, कुणाची बादली पायऱ्यांवरून गडगडत गेली. तेरा दिवसांनी आलेलं पाणी, पाऊण तास राहील की अर्धा, कुणास ठाऊक. माझे पाय आपोआप दाराकडं वळले, हातात मात्र फोन.

"काकू," गिरिजा फोनमधून म्हणाली, "गल्लीत पाणी आलंय. आधी भरून घ्या. मी फोन धरते."

अप्पा जागचे हलले नव्हते. सगळी गल्ली नळाकडं धावत होती आणि हा माणूस दाराची कडी सोडायला तयार नव्हता.

"अप्पा, नळ," मी हळू म्हटलं.

"तुम्ही जा, वैनी. माझं बी भरा."

पलीकडं तिनं ते ऐकलं होतं. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि धावले.

आधी त्यांच्या ड्रमला नळी लावली, मग आमच्या. कोपऱ्यावरच्या घरची नळी फुटली, अर्धी गल्ली ती धरायला. मधेमधे मी खिडकीतून आत बघायची. अप्पा फोन कानाला लावून उभे, तोंड मिटलेलं. दोन हंडे भरले तरी तसेच. तिसरा भरताना त्यांचा आवाज आला. ते खिडकीतून दिसेल ते सांगत होते. कुणाकडं आधी आलं, कुणाची नळी फुटली, मधल्या घरच्या सुनेनं हंडे संपल्यावर नळाखाली कुकर कसा धरला. कोर्सचं नाव नाही, फीचं नाही. सांगता सांगता थांबायचे, ऐकायचे, "हाव" म्हणायचे आणि पुन्हा नळाचं सांगायला लागायचे.

पाणी गेलं. मी ओल्या लुगड्यानिशी आत आले. अप्पांनी फोन कानापासून जरा बाजूला केला.

"वैनी," ते हळूच म्हणाले, "ती विचारायलीय, मी जेवलो का."

आणि काय सांगायचं ते मलाच ठाऊक असावं तसे माझ्याकडं बघत उभे राहिले.