शांतारामभाऊ कुणावर ओरडतात

वराळ्यातल्या आमच्या इमारतीत कुणाचंही मूल पडलं, की शेजारचे शांतारामभाऊ आधी त्याच्या आईबापांना झापतात. मूळचे औंढ्याचे, कारखान्यातून निवृत्त झालेले. नाव शांताराम आणि आवाज भोंग्याचा. एकदा जिन्यात एक पोरगा आपटला. "अरे देवा" म्हणणाऱ्या त्याच्या बापाला भाऊ म्हणाले, "देवाला मागनं बोलव. पोरगं तुज्या तोंडाकडं बगतंय, आदी त्ये नीट कर."

मला हा माणूस अजिबात आवडायचा नाही.

मग उन्हाळ्यात माझ्या दीड वर्षाच्या इराने टेबलावरचं कापड ओढलं आणि गरम चहा हातावर घेतला. मी किंचाळले. सासूबाई टूथपेस्ट आणायला धावल्या. दार उघडंच होतं, भाऊ आत आले.

"त्यानं दात घासा," सासूबाईंना एवढंच म्हणून त्यांनी इराला उचललं आणि तिचा हात बेसिनच्या नळाखाली धरला. "मनगटी काढ तिची. सुजायच्या आत."

मी काढली आणि फ्रीजकडे वळले.

"बर्फ न्हाई. साधं पानी."

"किती वेळ?"

"वीस मिन्टं. आन् रडायचं आसंल तर भाईर जा. हितं येकच रडनार."

मला इतका संताप आला की रडूच थांबलं. थोड्या वेळाने इराचंही थांबलं, कारण भाऊ आता त्याच आवाजात नळाला झापत होते. "नीट पड की रं. नखरं कुनाला दावतुयास?" इरा हुंदके देत नळाकडे बघत राहिली.

मग स्वच्छ कापडाने हात सैलसर झाकून त्यांनीच आम्हाला दवाखान्यात पिटाळलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

संध्याकाळी मी आभार मानायला गेले. दोन शब्द सुनावायचेही होते. त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते. भाऊ एकटे राहतात. पण टेबलाच्या कोपऱ्यांना जुन्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, खालचे प्लग चिकटपट्टीने बंद, औषधांचा डबा पार कपाटावर.

"नातू येतो का, भाऊ?"

"यायचा. येकदा हितंच पडला, तवा सुनंला लय बोललो मी. मंग न्हाई आनला त्यांनी."

"केवढा आहे?"

"आता आठवीत आसंल."

सुनावायचं ते तोंडातच राहिलं. एका कोपऱ्याची पट्टी सुटत आली होती. भाऊंनी ती पुन्हा गुंडाळली आणि बराच वेळ अंगठ्याने दाबून धरली.