गावपळणीचं क्रियापद

इंग्रजी भाषेतलं कोणतंही क्रियापद माझ्यापुढे हात जोडून उभं राहतं, असं मी चारचौघांत सांगत आलो. त्यातल्या एकाने आमच्या अख्ख्या आचरा गावाला फरारी ठरवलं, एवढंच.

माझ्या पुतणीने, सलोनीने, घरात होमस्टे काढला. पहिलं बुकिंग स्कॉटलंडच्या एका निवृत्त शिक्षिकेचं, मार्गारेटबाईंचं. नेमक्या त्याच तीन दिवसांसाठी ग्रामदैवत रामेश्वराने गावपळणीचा कौल दिला. म्हणजे माणसं, गुरं, कोंबड्या, सगळ्यांनी वेशीबाहेर जाऊन झोपड्यांत राहायचं. बाईंना कळवायला हवं होतं, आणि पहिलंच गिऱ्हाईक जाताही कामा नये.

"काकानू, साधा काय ता लिवा," सलोनी म्हणाली.

साधं? मी शब्दकोश उघडला. 'लीव्ह' म्हणजे माणूस पानाच्या टपरीवरही जातो. 'फ्ली'त पाठीमागे वाघ हवा. 'इव्हॅक्युएट'ला पूर लागतो, शिवाय तहसीलदार. 'डिकॅम्प' म्हणजे तंबू गुंडाळून निघणं. आम्ही तर ठोकायला निघालेलो. पानं उलटी चाळत मी 'ए'पर्यंत आलो आणि सापडलं: 'ॲबस्क्वॉच्युलेट'. पुढे कंसात लिहिलेलं, 'दुर्मीळ, विनोदी'. आयुष्यभर विनोद लिहिलेला माणूस यापुढे कशाला वाचेल? गुरुवारी सारा गाव गुराढोरांसह ॲबस्क्वॉच्युलेट करणार आहे, असं मी कळवून टाकलं.

तासाभरात उत्तर आलं. तुम्ही नेमकं काय केलंत, कोणाच्या हाती सापडायचं नाही, आणि या प्रकरणात गुरंही सामील आहेत का, असं बाईंनी अत्यंत सभ्यपणे विचारलं होतं. समाधानकारक खुलासा उद्यापर्यंत न आल्यास बुकिंग रद्द.

मी कंसापुढचं वाचलं. गुपचूप पसार होणे. विशेषतः काही लफडं करून.

शेजारचा बाबली झोपडीसाठी झावळं बांधत होता. त्याने शांतपणे विचारलं, "म्हणजे आमी सगळे चोर झालव?"

 सलोनीने माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतःच्या इंग्रजीत लिहिलं: देव सांगतो, आम्ही जातो. भीती नाही. बाहेर रांधतो, गातो, झोपतो. एक चटई जास्त आहे. तुम्ही या. सगळी पहिलीच्या पुस्तकातली क्रियापदं. मला लाज वाटली.

बाई आल्या. झोपडीत सलोनीच्या आईजवळ, सुभद्रावहिनींशेजारी, मांडी घालून बसल्या आणि दुपारपर्यंत बांगडे तळायलाही लागल्या. मला मात्र चैन पडेना. जाणं हसतखेळत, गुरांसकट, परत येण्यासाठीच; भीती नाही, लपवाछपवी नाही. अशा जाण्याला त्यांच्या भाषेत नेमकं क्रियापद कोणतं? मी सगळे फरक सविस्तर मांडले आणि वही उघडून उत्तराची वाट पाहिली.

बाईंनी बराच विचार केला. तव्यातला बांगडा उलटला. मग बरोबर ना, म्हणून वहिनींकडे पाहत, सकाळपासून शिकलेल्या मालवणीत एकेक शब्द जुळवून म्हणाल्या,

"काकानू, माका जरा मीठ दी."